महिन्याचा किराणा बारा हजारावरून साडेआठवर आला: मंगळवार पेठेतल्या जुन्या दुकानाचा वर्षभराचा अनुभव

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज लेकीची शाळा सुटायला दीड तास आहे म्हणून बसलेच. आम्ही जुळे सोलापुरात राहतो, घरात पाच माणसं, मी, हे, सासूबाई, बारावीतला मुलगा आणि सातवीतली मुलगी. ज्या दुकानाबद्दल लिहितेय ते मंगळवार पेठेत, मधल्या मारुतीकडून आत गेलं की किराणा-भुसाराची जी जुनी दुकानं लागतात त्यातलं एक. नाव टाकू का म्हणून मालकांना विचारलं तर नको म्हणाले, "आहेत तेवढीच गिऱ्हाईकं उरकंनात ओ अक्का." म्हणून नाव लिहीत नाही, पण तिथं अशी आणखी दुकानं आहेत आणि मी जे सांगतेय त्यातलं बरंचसं त्यांनाही लागू पडेल. फेब्रुवारी २०२५ पासून सबंध वर्ष आमचा किराणा तिथूनच भरतोय, एकदोन वेळा जाऊन आल्यावर लिहिलेलं हे नाही.

आधी आमचं काय चाललं होतं ते सांगते. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये केंद्रानं कच्च्या खाद्यतेलावरची मूळ आयात ड्युटी शून्यावरून २० टक्के केली आणि बघता बघता आमच्या नेहमीच्या तेलाच्या पिशवीला वीसेक रुपये चढले. त्याच वर्षी मुलाचा अकरावीचा क्लास सुरू झाला, घराचा हप्ता होताच, आणि ह्यांचा पगार चिंचोळी एमआयडीसीतला, ठरलेला, त्यात महिन्याच्या वीस तारखेला माझ्या पर्समध्ये काही उरेना. कुठं जातात पैसे तेच कळत नव्हतं कारण आमच्या घरात कुणाला उधळायची सवय नाही, खरंच नाही. मग मी दिवाळी मुद्दाम सोडून नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी अशी तीन महिन्यांची सगळी बिलं एका पिशवीत टाकत गेले. महिन्याच्या पहिल्या रविवारचं मॉलचं बिल, मधेच मोबाईलवरून मागवलेलं, कोपऱ्यावरून मुलीला पिटाळून आणलेलं, सगळं. बेरीज केली तर ११,८४०, १२,३१० आणि ११,६५५. म्हणजे सरासरी ११,९३५. यात भाजी नाही, दूध नाही, गॅस नाही.

सासूबाई शेजारी लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांनी ती लांबलचक बिलं हातात धरून बघितली आणि एवढंच म्हणाल्या, "ह्यात डाळ-तांदूळ कुठं दिसंना गं." मी मोजलं. डिसेंबरच्या एका बिलावर ४८ ओळी होत्या, त्यात धान्य, डाळी, तेल, साखर, मीठ, पीठ, मसाला असं सगळं धरून १६. बाकीच्या ३२ ओळी काय होत्या ते आता आठवत पण नाही, आणि ह्याच गोष्टीचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं.

दुकान सुचवलं सासूबाईंनीच. आमचे सासरे लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये होते, तेव्हा हे लोक पेठेतच राहायचे आणि पगार झाला की संध्याकाळी यादी घेऊन ह्याच दुकानात. मिल बंद पडली तेव्हा आताच्या मालकांच्या वडिलांनी सहा महिने उधारीवर किराणा दिला होता, कधी तोंडानं मागितले नाहीत असं त्या सांगतात. पुढं आम्ही जुळे सोलापुरात आलो, जवळ मॉल झाले, आणि तो रस्ता सुटला तो सुटलाच.

दुकान बाहेरून बघाल तर विशेष काही नाही. अरुंद, आत लांब, वर पोटमाळा, पुढं लाकडी काउंटर, एका अंगाला पोती मांडलेली, पोत्यांची तोंडं बाहेर दुमडून ठेवलेली, प्रत्येकात एक पत्र्याचं माप. डाळींचा आणि गुळाचा मिळून एक वास येतो तिथं. मालक साठीचे असतील, सगळे अण्णा म्हणतात, आमच्याशी मराठी बोलतात, घरच्या माणसांशी कानडी, पूर्व भागातल्या बायका आल्या की तेलुगू, आणि हे सगळं एकाच दमात. हाताखाली दोन पोरं. वजनकाटा इलेक्ट्रॉनिक आहे, गिऱ्हाइकाला आकडा दिसेल असा फिरवून ठेवलेला, आणि वजनमापवाल्यांचं त्या वर्षीचं पडताळणीचं सर्टिफिकेट मागं भिंतीवर. हे मी आवर्जून बघते. काट्याची दरवर्षी पडताळणी करून घ्यावी लागते, तुम्ही कुठंही सुटा माल घेत असाल तर बघत जा आणि विचारत जा, त्यात लाजायचं काही नाही.

पहिल्या दिवशी मी यादी दिली. अण्णांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला, पहिली ओळ मोठ्यांदा वाचली, "तूरडाळ तीन किलो," आणि पेन खाली ठेवून विचारलं, "घरात माणसं किती?" पाच म्हटलं. "रोज वरण?" रोज नाही, आठवड्यातून चार दिवस, बाकी मूग नाहीतर मटकी. मग ते बोटांवर मोजत म्हणाले, "एका टायमाला वाटीभर, सव्वाशे ग्राम धरा, सतरा दिवस, सव्वादोन किलो लई झाली की ओ. तीन किलो न्यायलाव ते कशाला? तीन न्याल तर तीनच संपतील बगा." मी गप्प उभी. आजवर कुणी मला कमी घ्या म्हटलंच नव्हतं. मॉलमध्ये दोन किलोवर एक फ्री असायचं, मग घेतलं जायचं तीन किलो, आणि डाळ घट्ट व्हायची, उरायची, दुसऱ्या दिवशी फोडणी देऊन संपवायची नाहीतर मोलकरणीला द्यायची. सव्वादोन किलोत महिना निघाला. एकदाही कमी पडली नाही.

असं त्या दिवशी प्रत्येक ओळीला झालं. रवा एक किलो का, पोहे किती वेळा करता, जिरं मागचं उरलंय का. पाऊण तास लागला आणि खरं सांगायचं तर मला तेव्हा थोडा रागही आला होता, मागं चार बायका उभ्या आणि हे माझ्या स्वयंपाकघराचा हिशेब विचारतायत. पण घरी येऊन बिल बघितलं आणि राग गेला. अण्णांकडं लाल पुठ्ठ्याची एक उभी चोपडी आहे, नेहमीच्या गिऱ्हाइकाचं एकेक पान, त्यात मागच्या महिन्यात काय किती नेलं ते लिहिलेलं. दुसऱ्या महिन्यापासून ते पान उघडूनच बसतात. चार महिन्यांनी पान बघून त्यांनीच सांगितलं, अक्का तुमचं साखर साडेचारवरून साडेतीनवर आलंय, चांगलं आहे. माझं तिकडं लक्षही नव्हतं.

आता मुख्य मुद्दा. लोकांना वाटतं (मलाही वाटायचं) की अशा दुकानात भाव कमी असतात म्हणून पैसे वाचतात. मी हे तपासलं. गेल्या नोव्हेंबरची दुकानाची यादी आणि बिल घेऊन मी आणि मुलगी मॉलमध्ये गेलो, काही न घेता, ती वस्तू शोधून भाव वाचायची आणि मी वहीत लिहायचे. ज्वारी सोडून (ती मी एकदम वर्षाची भरते, ते पुढं सांगते) दुकानाचं बिल होतं ७,९३०, तीच यादी, त्याच प्रतीचा माल, मॉलमध्ये ८,३०० झाली. फरक फक्त ३७० रुपयांचा! त्यातही साखर, चहापत्ती, आंघोळीचा साबण, टूथपेस्ट हे मॉलमध्येच स्वस्त होतं. आमच्या जुन्या सरासरीतून ज्वारीच्या पिठाचे ६८० काढले तर ११,२५५ राहतात, त्यातून हे ८,३०० गेले तरी जवळजवळ तीन हजार उरले. हे तीन हजार भावातले नव्हते. यादीत नसलेलं जे हाताला लागलं म्हणून गाडीत पडलं आणि लागतं त्याच्यापेक्षा मोठं पाकीट आलं, त्याचे होते ते.

म्हणून मी सगळ्यांना सांगते की त्या दुकानातला सगळ्यात कामाचा भाग म्हणजे तो लाकडी काउंटर. माल पलीकडं आहे, तुमचा हात पोचत नाही, हवं ते तोंडानं मागावं लागतं. तोंडानं मागताना माणूस विचार करतो. बिस्किटाचे सहा पुडे द्या असं मोठ्यांदा म्हणायला जीभ रेटत नाही, पण फिरत्या गाडीत सहा पुडे टाकताना काही वाटत नाही, हे मी स्वतः दोन्ही करून बघितलंय. मोबाईलचं तर त्याहून वाईट, दोनशेची वस्तू हवी असते आणि डिलिव्हरी फुकट मिळावी म्हणून आणखी शंभरचं काहीतरी घ्यायचं, असं महिन्यात पाच-सहा वेळा.

तेलाचं जरा सविस्तर लिहिते कारण किराण्यात सगळ्यात मोठी ओळ तीच असते आणि फसगतही तिथंच जास्त. एक लिटर तेल म्हणजे साधारण ९१० ग्राम. पूर्वी पिशवी म्हटलं की लिटरचीच असायची, आता पाकीट किती वजनाचं करायचं ते कंपन्यांच्या हातात आहे, त्यामुळं दिसायला हुबेहूब तेवढीच पिशवी पण वर बारीक अक्षरात ७५० ग्राम असंही मिळतं. मी अशी एक पिशवी मोबाईलवरून १३९ ला घेतली होती, स्वस्त पडली म्हणून शेजारच्या वहिनींनाही सांगितलं. अण्णांनी कॅल्क्युलेटर माझ्याकडं फिरवून दाखवलं, १३९ ला ७५० ग्राम म्हणजे किलोला १८५ रुपये, आणि त्यांच्याकडची १५२ ची ९१० ग्रामची पिशवी किलोला १६७. मी किलोमागं अठरा रुपये जास्त देऊन खूश झाले होते. वहिनींना परत जाऊन सांगितलं.

डब्याचंही तसंच. १५ लिटरचा डबा आणि १५ किलोचा डबा ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १५ लिटरमध्ये तेल बसतं १३ किलो ६५० ग्राम. गेल्या वेळी लिटरचा डबा २,२९० ला होता आणि किलोचा २,४८० ला, बघणाऱ्याला वाटेल १९० रुपये वाचले, पण किलोचा हिशेब काढला तर पहिला पडतो जवळजवळ १६८ आणि दुसरा १६५ ला. मी किलोचाच घेते. आमच्याकडं महिन्याला सहा लिटर तेल जायचं, आता चार किलोच्या आत आहोत, डबा पावणेचार महिने जातो. डब्यातून थेट कढईत ओतायचं नाही, आठवड्याला एक किलोची बरणी भरून घ्यायची आणि ती रविवारपर्यंत पुरवायची, एवढा एकच नियम केला, तळणं आपोआप कमी झालं.

आणि हे दुकानदाराच्या सचोटीबद्दल म्हणून सांगते, २०२५ च्या मे महिन्याच्या शेवटी ती कच्च्या खाद्यतेलावरची ड्युटी २० वरून १० टक्क्यांवर आली, मला काही पत्ता नव्हता, मी जूनच्या पहिल्या आठवड्यात डबा घ्यायला गेले तर अण्णा म्हणाले डबा नको, दोन पिशव्या न्या, पंधरा दिवसानं बगू. नंतर डबा सत्तर रुपयांनी उतरला. त्यांच्या दुकानात त्या दिवशी सात-आठ डबे उभे होते, विकून मोकळे झाले असते तर मला कळलंही नसतं.

ज्वारी मी दर महिन्याला घेत नाही. आपल्याकडं नवी मालदांडी फेब्रुवारी-मार्चमध्ये येते, मंगळवेढ्याच्या काळ्या रानातली असेल तर बघायलाच नको, २०१६ ला जीआय मिळालंय त्या ज्वारीला. मागच्या मार्चमध्ये एक क्विंटल घेतली, ४,२०० रुपयांना, अण्णांनीच मंगळवेढ्याकडच्या माणसाकडून आणून दिली. दाणा टपोरा, मोत्यासारखा, दाताखाली कडक. गच्चीवर दोन दिवस कडक ऊन दिलं, रात्रभर गार होऊ दिली (गरम भरली की आत घाम धरते आणि किडा लागतो, हे सासूबाईंचं), मग वाळलेला कडुलिंबाचा पाला घालून कोठीत. जानेवारीपर्यंत पुरली, एक सोंडा दिसला नाही. दर पंधरा दिवसांनी पाच किलो गिरणीतून आणते, दळणाचे किलोला सहा रुपये. म्हणजे पीठ पडलं ४८ रुपये किलो, आम्ही तयार पीठ घेत होतो ते ६८ ला. पण पैशापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे भाकरी. तयार पिठाची भाकरी थापताना कडेनं चिरायची, मला वाटायचं माझाच हात बसत नाही, सासूबाईंनी बोटाला पीठ लावून बघितलं आणि म्हणाल्या विरी गेलीय पिठाची, जुनं दळलेलं आहे. ताज्या पिठाला पाणी लागलं की कसं चिकट येतं ते हाताला कळतं. आता रोजच्या भाकऱ्या झाल्या की आठवड्यातून एकदा सासूबाई पातळ थापून कडक भाकऱ्या करतात, मुलगा त्याच चुरून दही-शेंगाचटणीबरोबर खाऊन क्लासला पळतो. आधी त्या वेळेला नूडल्सचं पाकीट लागायचं.

शेंगाचटणीवरून आठवलं, सोलापूरच्या घरात शेंगदाणे किती लागतात ते बाहेरच्याला सांगून खरं वाटत नाही, आमच्याकडं महिन्याला दोन किलो. मी अख्खे घुंगरू शेंगदाणे घ्यायचे, १४० नं. अण्णांनी विचारलं चटणीला का? मग तुकडा न्या की, भाजून कांडायचंच तर आहे. तुकडा ११८ ला. चटणी तीच लागते, उखळात गेल्यावर दाणा अख्खा होता का फुटका कुणाला कळणार. फक्त तुकडा दाणा लवकर खवट होतो कारण फुटलेल्या अंगाला हवा लागते, म्हणून महिन्यापुरताच घ्यायचा आणि घेण्याआधी दोन दाणे चावून बघायचे. ते स्वतःच पुढं करतात. तूरडाळीत मात्र मी तडजोड करत नाही, फटका म्हणजे वरच्या प्रतीचीच घेते, महाग असली तरी लवकर शिजते आणि वरण मिळून येतं. सगळंच स्वस्तातलं घ्यायचं म्हणून गेलात तर घरातली माणसं महिन्याभरात कंटाळतील आणि गाडी परत मॉलकडं वळेल.

बारीकसारीक मसाल्याचं तर सुट्या दुकानाइतकं बरं कुठंच नाही. ओवा दहा रुपयांचा, खसखस पंचवीस ग्राम, दालचिनीचे चार तुकडे. पूर्वी माझ्या फडताळात २०० ग्रामचं ओव्याचं पाकीट वर्षभर पडून शेवटी जाळी लागून फेकलं होतं, तशी सात-आठ पाकिटं त्या दिवशी फेकली. खोबरं २०२५ मध्ये एवढं चढलं की काळ्या मसाल्याला हात आखडावा लागला, तिथं अण्णांचाही इलाज चालला नाही.

टॅक्सचंही एक लक्षात ठेवा. जुलै २०२२ पासून पंचवीस किलोपर्यंतच्या पाकीटबंद, लेबल लावलेल्या धान्य-डाळी-पिठावर ५ टक्के जीएसटी आहे, पोत्यातून सुटं मोजून घेतलं तर नाही. पाकीटबंद घ्यायचंच झालं तर छापील किमतीच्या जवळ ग्रामला किंवा किलोला किती पडतं तेही छापलेलं असतं, ते बघा. मोठं पाकीट नेहमी स्वस्त असतं हा समज त्यातून सुटतो, माझी मुलगी आता मोठ्या आणि छोट्या पाकिटाचा तो आकडा आधी वाचते. साबण, टूथपेस्ट, शाम्पू, बिस्किटं ह्यांच्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ चा ५ टक्के झाला, हे मी मॉलमधूनच घेते, दोन महिन्यातून एकदा, त्या वस्तू लिहिलेली चिठ्ठी आणि तेवढेच पैसे घेऊन, गाडी न घेता हातात टोपली घेऊन. अण्णांकडं दिवाळी उलटली तरी जुन्या छापील किमतीचेच साबण होते आणि विचारलं तर माल संपेस्तोवर असंच म्हणाले. हे मला पटलं नाही. त्यांना तोंडावर सांगितलंही.

आणखी तक्रारी आहेत. पार्किंग नाही म्हणजे नाहीच, त्या बोळात स्कूटर लावायला जागा शोधण्यात दहा मिनिटं जातात, चारचाकी नेऊच नका. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आणि सणाच्या आधी गेलात तर तास मोडतो, बसायला एकच बाकडं, सासूबाईंचे गुडघे दुखतात त्यामुळं त्यांना आता नेत नाही. मे महिन्यात आपल्या सोलापूरच्या उन्हात तिथं उभं राहणं फार कठीण, एकच पंखा आणि तो गल्ल्यावर. जुलैमध्ये आलेल्या रव्याला घरी येऊन बघते तर जाळी, अर्धा किलो गेला. फोन केला तर परत आणा म्हणाले, दुसऱ्या खेपेला नेला, एक शब्द न बोलता बदलून दिला, पण पावसाळ्यात तिथून रवा-मैदा मी आता समोर चाळून बघितल्याशिवाय घेत नाही. बिलातली प्रत्येक वस्तू पिशवीत आहे का ते तिथंच तपासा, पोरं गडबडीत एखादी पुडी काउंटरवरच ठेवतात. कार्ड चालत नाही, मोबाईलवरून पैसे चालतात. कापडी पिशव्या आपल्या आपण न्यायच्या. तीन हजारांच्या वर बिल असेल तर रिक्षात घालून पाठवतात, पन्नास रुपये, तो खर्चही मी किराण्यातच धरते.

उधारी मिळते, नेहमीच्या लोकांना लगेच मिळते. मी घेत नाही. सासूबाईंच्या त्या सहा महिन्यांचं ऐकलंय म्हणून त्या चोपडीबद्दल मला आदर आहे, पण आमच्यावर तशी वेळ नाहीये, आणि उधारीत लिहून घेतलं की बजेट राहत नाही हे माझ्या माहेरी मी बघितलंय.

मुलांचं काय, असं वहिनींनी विचारलं होतं. खाऊ बंद केलेला नाही. महिन्याला तीनशे रुपये मुलीच्या हातात देते, तिनं आणि दादानं मिळून ठरवायचं. पहिल्या महिन्यात चौथ्या दिवशी संपले, दोघांची भांडणं, दादाला दोष, रडारड. आता ती पहिल्याच दिवशी अण्णांकडून चुरमुरे, फुटाणे आणि डाळे आणते, घरी भडंग करून डबा भरून ठेवते आणि उरलेल्या पैशात दोघांच्या आवडीचं एकेक काहीतरी. हे तिला कुणी शिकवलं नाही.

वर्षाचा हिशेब असा, ज्वारीचे ४,२०० दहा महिन्यांत वाटून, दळण धरून, महिन्याला सरासरी ८,४०० च्या आसपास बसतंय. दिवाळीच्या महिन्यात ११,४०० झालं, ते होणारच, घरी फराळ असतो आणि तो आम्ही चार घरी देतो. संक्रांतीला तीळ-गूळ, भोगीची बाजरी धरून ९,१०० गेलं. बाकी महिने ठरल्याप्रमाणं. जे वाचतं त्यातून मुलाच्या क्लासचा हप्ता जातो, दुसरीकडून काढावा लागत नाही. दुकानाला पाचपैकी चार देते, एक कापला तो साबणाच्या किमतीचा आणि बाकड्याचा.

जाणार असाल तर सकाळी साडेदहाच्या आत पोचा, दुपारी दोन ते चार बंद असतं. दहा तारखेनंतर गर्दी कमी असते, पगार झाल्या झाल्या पळू नका. यादी व्हॉट्सॲपवर पाठवून माल तयार ठेवा म्हणाल तर ते करत नाहीत, कागदावरच लिहून न्या. आणि लिहिण्याआधी घरातला एकेक डबा उघडून आत किती उरलंय ते बघून घ्या, कारण अण्णा चष्मा खाली घेतला की सगळ्यात आधी तेच विचारतात.